यशाची जुनी पुस्तके : काय घ्यावे, काय सोडावे?

मोठ्या रेल्वे स्थानकावरील पुस्तकांच्या दुकानासमोर क्षणभर थांबून पाहा. धंद्यात यश कसे मिळवावे, माणसे कशी जोडावीत, श्रीमंत कसे व्हावे, हे सांगणारी पुस्तके पहिल्या रांगेत मांडलेली असतात. त्यांतील काही तर आपल्या आजोबांच्या काळातली आहेत. आता तीच शिकवण मोबाईलवर पाच-पाच मिनिटांच्या चित्रफितींतून घरोघरी पोहोचते. पुस्तके जुनी झाली, लेखक निघून गेले, पण त्यांची गोडी कमी झाली नाही. असे का व्हावे? आणि आपल्यासारख्या व्यापारी व कारागीर मंडळींनी त्यांतून नेमके काय उचलावे? या लेखात आपण याचा विचार करू या.

हा विषय आम्हाला सुचला तो एका प्रसंगावरून. आमच्या परिचयातील एक यंत्रमागधारक आहेत. चार मागांचा लहानसा कारखाना होता. सुताचे भाव चढले, कापडाचे उतरले, व्यापाऱ्याकडे अडकलेली रक्कम सहा महिने सुटली नाही आणि शेवटी दोन माग भंगाराच्या भावाने विकावे लागले. त्या दिवसांत मुलाने त्यांना असेच एक पुस्तक आणून दिले. ते वाचून झाल्यावर ते आम्हाला म्हणाले, “भाई, यात लिहिले आहे की ज्याची इच्छा पक्की असते तो हरत नाही. म्हणजे माझीच इच्छा कच्ची होती.”

तीस वर्षे पहाटे उठून कारखाना उघडणाऱ्या माणसाने असे म्हणावे, याचे आम्हाला वाईट वाटले. याच्या उलट एक तरुण दुकानदारही आम्ही पाहिला. तो रोज रात्री दोन तास यशाच्या चित्रफिती पाहतो, पण उधारीची वही त्याने दोन महिने लिहिलेली नाही. एकाच शिकवणीतून एकाने अपराधीपणा घेतला, दुसऱ्याने नशा घेतली. म्हणून ही शिकवण मुळात कोठून आली आणि तिच्या आरंभी काय होते, हे पाहणे आवश्यक आहे.

छापखान्यातला कारागीर

या परंपरेच्या मुळाशी अमेरिकेतील एक मुद्रक आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांचा जन्म १७०६ साली बोस्टन येथे झाला. वडील साबण व मेणबत्त्या बनवीत. मुलाच्या वाट्याला शाळा आली ती अवघी दोन वर्षे. बाराव्या वर्षी तो भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून बसला आणि सतराव्या वर्षी घर सोडून फिलाडेल्फियाला गेला. पुढे त्याने स्वतःचा छापखाना काढला आणि १७४८ साली, बेचाळिसाव्या वर्षी, तो रोजच्या धंद्यातून मोकळा झाला.

फ्रँकलिन यांच्या आत्मचरित्रातील सवयींच्या वहीची गोष्ट फार प्रसिद्ध आहे. त्यांनी तेरा गुण निवडले होते. मिताहार, मौन, व्यवस्थितपणा, काटकसर, उद्योग वगैरे. वहीत प्रत्येक गुणाला एक पान, पानावर सात दिवसांचे रकाने. एका आठवड्यात एकाच गुणावर लक्ष द्यायचे आणि चूक झाली त्या दिवशी ठिपका टाकायचा. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. आणि गंमत अशी की व्यवस्थितपणा त्यांना अखेरपर्यंत नीट जमला नाही. हे ते स्वतःच कबूल करतात आणि एक कहाणी सांगतात. एका माणसाने लोहाराकडून कुऱ्हाड घेतली आणि पात्याची धार जशी चकाकते तशी सगळी कुऱ्हाड चकाकली पाहिजे असा हट्ट धरला. लोहार म्हणाला, घासून देतो, पण सहाणेचे चाक तुम्ही फिरवा. चाक फिरवून तो माणूस दमला आणि शेवटी म्हणाला, राहू द्या, मला ठिपक्यांचीच कुऱ्हाड आवडते. कारागिराला ही कहाणी समजावून सांगण्याची गरज नाही. काम अर्धवट सोडून ‘असेच बरे दिसते’ म्हणणारे गिऱ्हाईकही आपण पाहतो आणि तसे म्हणणारा कारागीरही.

फ्रँकलिन यांनी १७४८ साली तरुण धंदेवाल्यांसाठी एक लहानसा लेख लिहिला. पत कशी टिकते हे त्यात फार सोप्या रीतीने सांगितले आहे. सावकाराने पहाटे पाच वाजता किंवा रात्री नऊ वाजता तुमच्या हातोड्याचा आवाज ऐकला तर तो सहा महिने तगादा लावत नाही; कामाच्या वेळी तुम्ही करमणुकीच्या जागी दिसलात तर दुसऱ्याच दिवशी त्याचा माणूस दारात येतो. याच लेखात व्याजाने पैसा वाढविण्याची भलामणही आहे. तेवढा भाग आपल्या वाचकांनी बाजूला ठेवावा. पण पत ही कागदावर नसते, ती शेजाऱ्याच्या डोळ्यांत आणि कानांत असते, हे बाजारात बसणाऱ्या कोणालाही पटेल.

येथपर्यंतचा भाग सर्व पुस्तके सांगतात. यापुढचा भाग मात्र बहुतेक वेळा गाळला जातो. फ्रँकलिन यांनी १७२७ साली फिलाडेल्फियात काही कारागीर व व्यापारी मित्रांचे एक मंडळ काढले होते. त्याचे नाव ‘जंटो’. सभासद बारा. दर शुक्रवारी संध्याकाळी बैठक. तेथे ठरलेले प्रश्न विचारले जात. गावात अलीकडे कोणाचा धंदा बुडाला आणि का? कोणाची भरभराट होत आहे आणि कोणत्या उपायांनी? नव्याने धंदा सुरू करणारा एखादा लायक तरुण आहे का, ज्याला हात देता येईल? या मंडळातील एका सभासदाने फ्रँकलिन यांच्या नव्या छापखान्याला छपाईचे मोठे काम मिळवून दिले. पुढे भागीदाराच्या वडिलांकडून पैसे आले नाहीत, देणेकऱ्यांनी दावा लावला आणि छापखाना जाण्याची वेळ आली. तेव्हा दोन मित्र, एकाला दुसऱ्याची खबर नसताना, स्वतंत्रपणे पैसे घेऊन आले. दोघेही जंटोचे सभासद होते.

म्हणजे ‘स्वतःच्या बळावर उभा राहिलेला माणूस’ म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो पडणार होता त्या दिवशी त्याला मित्रांनी धरले. पण हेही खरे की मित्रांनी त्याला धरले, कारण तो रात्री उशिरापर्यंत काम करताना त्यांना दिसत होता. या दोन्ही गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या आहेत.

लीड्स शहरातील जुनी खोली

या विषयाला ज्या पुस्तकाने नाव दिले ते ‘सेल्फ-हेल्प’, म्हणजे स्वावलंबन. लेखक सॅम्युअल स्माइल्स, जन्म १८१२, गाव स्कॉटलंडमधील हॅडिंग्टन. १८३२ साली वडील पटकीच्या साथीत गेले. आईने लहानसे दुकान चालवून मुलांना वाढविले आणि सॅम्युअलचे वैद्यकीचे शिक्षण थांबू दिले नाही.

पुढे स्माइल्स लीड्स या कापडगिरण्यांच्या शहरात वर्तमानपत्राचे संपादक झाले. तेथे काही गरीब कामगार तरुणांनी हिवाळ्यातील संध्याकाळी एकत्र जमून एकमेकांना शिकवावयास सुरुवात केली होती. ज्याला वाचता येई तो वाचावयास शिकवी, ज्याला हिशेब येई तो हिशेब शिकवी. संख्या शंभरच्या घरात गेली तेव्हा त्यांनी एक मोठी, कळकट खोली भाड्याने घेतली. पटकीच्या साथीत त्या खोलीत तात्पुरते इस्पितळ होते. त्या धास्तीने ती दुसरे कोणी घेत नव्हते. १८४५ च्या सुमारास या तरुणांनी स्माइल्स यांना चार शब्द बोलण्यासाठी बोलावले. त्या भाषणांतून पुढे पुस्तक झाले.

एका प्रकाशकाने ते हस्तलिखित नाकारले होते. अखेर १८५९ साली ते प्रसिद्ध झाले आणि पहिल्याच वर्षी वीस हजार प्रती खपल्या. कुंभार, विणकर, लोहार, यंत्रे बनविणारे अशा कष्टकरी माणसांची चरित्रे त्यात आहेत. काही वर्षांनी ओतशाळेतून थेट, कामाच्या कपड्यांत, एक माणूस स्माइल्स यांना भेटावयास आला. तो त्या जुन्या खोलीतील विद्यार्थी होता आणि आता स्वतः चार माणसांना काम देत होता. पुस्तक लिहावेसे वाटले त्यामागे ही भेटही होती.

लोकांनी पुस्तकाच्या नावावरून चुकीचा अर्थ काढला की प्रत्येकाने फक्त स्वतःचे पाहावे. स्माइल्स यांना याचा खेद झाला. पुढच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहिले की पुस्तकाचे नाव दुर्दैवी ठरले. स्वतःला मदत करण्यात शेजाऱ्याला मदत करणेही येतेच. स्वावलंबनाचे सर्वांत प्रसिद्ध पुस्तक अशा खोलीतून आले, जिथे माणसे एकमेकांना शिकवीत होती. ही गोष्ट वाचकांनी विसरू नये.

सुताराचा मुलगा आणि धागा

हे पुस्तक देशोदेशी गेले. १८८० साली बैरूत येथे याकूब सर्रूफ यांनी ते अरबीत आणले, ‘सिर्र अन्-नजाह’ म्हणजे यशाचे रहस्य या नावाने. त्याआधी, १८७१ साली, नाकामुरा मासानाओ यांनी त्याचे जपानी भाषांतर प्रसिद्ध केले होते. ते जपानमध्ये इतके वाचले गेले की खेड्यापाड्यांतील मुलांपर्यंत पोहोचले. त्यांत एका सुताराचा मुलगा होता, साकिची तोयोडा. आपल्याकडे टोयोटा मोटारीचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्या घराण्याचा हा मूळ पुरुष. त्याच्या जन्मगावच्या स्मारक संग्रहालयात या पुस्तकाची प्रत ठेवलेली आहे.

तोयोडा यांचा जन्म १८६७ चा. घरात आई हातमागावर विणत असे. तिचे कष्ट कमी करावेत म्हणून मुलगा मागाच्या मागे लागला. १८९१ साली त्याला लाकडी हातमागाच्या सुधारणेचे पेटंट मिळाले. त्या मागावर एका हाताने काम होई आणि कापड जवळजवळ दीडपट निघे. पण या मागांवर टोकियोत काढलेला लहान कारखाना फार काळ चालला नाही. पुढे त्याने इंजिनावर चालणारा माग केला. मोठ्या पेढीच्या भांडवलावर कंपनी निघाली, पण मंदी आली तेव्हा १९१० साली त्यालाच तेथून बाहेर पडावे लागले. १९२४ साली स्वयंचलित माग तयार झाला. धागा तुटला की हा माग आपोआप थांबे आणि कांडी संपली की माग न थांबता धोटा बदलला जाई. एक कामगार तीसहून अधिक माग सांभाळू शके. १९२९ साली इंग्लंडमधील प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने त्याचे हक्क एक लाख पौंडांना घेण्याचा करार केला. ज्या देशाकडून जपानने यंत्रे घेतली, त्यानेच जपानी सुताराच्या मुलाचे यंत्र विकत घेतले.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील आमच्या वाचकांना तुटलेल्या धाग्याचे मोल सांगावयास नको. धागा तुटूनही माग चालत राहिला तर कापडात दोष विणला जातो आणि तो दोष गिऱ्हाईकाच्या हातात गेल्यावर दिसतो. या कथेतील जिद्द तोयोडा यांची होती, यात शंका नाही. पण जपान सरकारने १८८५ साली पेटंटचा कायदा केला नसता तर शोधाची कमाई शोधकाच्या हाती राहिली नसती. आणि भांडवल पुरविणारे कोणी भेटले नसते तर माग लाकडाचा सांगाडाच राहिला असता.

इच्छेचा बाजार

विसाव्या शतकात या शिकवणीचे रूप पालटले. डेल कार्नेगी हा मिसुरी राज्यातील शेतकऱ्याचा मुलगा. १९१२ पासून तो न्यूयॉर्कमध्ये रात्रीच्या वर्गांत लोकांना भाषण करावयास शिकवी. त्या अनुभवावर १९३६ साली त्याचे माणसे जोडण्याविषयीचे पुस्तक निघाले. समोरच्याचे नाव लक्षात ठेवा, त्याचे म्हणणे ऐकून घ्या, चूक असेल तर लगेच कबूल करा, ही त्यातील शिकवण दुकानाच्या गल्ल्यावर आजही उपयोगी पडते. त्यामागे वर्गात बसलेल्या खऱ्या माणसांचा अनुभव होता.

पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, नेपोलियन हिल यांचे विचार करून श्रीमंत होण्याचे पुस्तक आले. तीव्र इच्छा मनात धरली की पैसा तिच्याकडे ओढला जातो, असा त्याचा सूर आहे. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी आपल्याला हे रहस्य सांगितले, असा हिल यांचा दावा होता. या भेटीचा स्वतंत्र पुरावा मिळालेला नाही.

मग खऱ्या अँड्र्यू कार्नेगींचे आयुष्य काय सांगते? त्यांचे वडील स्कॉटलंडमध्ये हातमागावर विणणारे कुशल कारागीर होते. वाफेवर चालणारे माग आले आणि त्यांचे काम संपले. १८४८ साली माग विकून, मित्राकडून उसने घेऊन, कुटुंब अमेरिकेला गेले. तेरा वर्षांचा अँड्र्यू सूतगिरणीत कांड्या बदलण्याच्या कामाला लागला. आठवड्याला एक डॉलर वीस सेंट. त्या शहरातील एका गृहस्थाने आपली चारशे पुस्तके दर शनिवारी कामगार मुलांसाठी खुली ठेवली होती. ती पुस्तके वाचून हा मुलगा शिकला आणि पुढे त्याने त्या ऋणापोटी जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालये बांधून दिली. त्याच्याच होमस्टेड येथील कारखान्यात १८९२ साली कामगारांचा संप रक्त सांडून मोडला गेला, हेही त्याच आयुष्यातले पान आहे.

आता विचारा, त्या विणकर बापाची इच्छा कच्ची होती का? मुळीच नाही. तंत्र बदलले होते. यशाची पुस्तके जिंकलेल्यांची यादी देतात. तितकेच कष्ट करून मागे राहिलेल्यांची यादी कोणी छापत नाही. म्हणून जिंकलेल्याच्या सवयी जरूर शिकाव्यात, पण हरलेल्या माणसाच्या चारित्र्यावर शिक्का मारू नये. स्वतःच्याही नाही.

मग ही गोडी टिकली का? आम्हाला वाटते, याचे कारण सरळ आहे. बाजारभाव, सरकारी धोरण, पाऊसपाणी यांतले काही आपल्या हातात नसते. ही पुस्तके माणसाला म्हणतात, तुझ्या हातात काहीतरी आहे. ज्याचे वडील कोणी मोठे नाहीत, ज्याला बँक दारात उभी करीत नाही, त्याला हे वाक्य आधार देते. तो आधार खोटा नाही. तो अर्धा आहे, इतकेच. दुसरा अर्धा भाग जंटोच्या बैठकीत आणि लीड्सच्या खोलीत आहे.

आपल्यासाठी चार पाठ

पहिला पाठ, रोजचे चार आकडे. गल्ला बंद करण्यापूर्वी लिहा : रोख विक्री, उधार विक्री, जुन्या उधारीची वसुली, घरखर्चासाठी उचललेली रक्कम. समजा एका दिवशी रोख ६,००० रुपये, उधार ४,०००, वसुली १,५०० आणि घरासाठी १,२००. विकलेल्या मालाची खरेदी ८,५०० ची होती. विक्री दहा हजारांची, नफा पंधराशेचा, दिवस चांगला गेला असे वाटते. पण हाती आले ७,५००. घरखर्च जाऊन राहिले ६,३००. तोच माल पुन्हा भरावयास ८,५०० लागतील. म्हणजे २,२०० रुपये कमी पडले, आणि यात भाडे व वीज धरलेलीच नाही. महिन्यात असे दहा दिवस आले तर बावीस हजारांची तूट. धागा येथे तुटला आहे. वही लिहिणारा त्याच रात्री माग थांबवितो. न लिहिणाऱ्याला व्यापाऱ्याचा तगादा आल्यावर कळते.

दुसरा पाठ, एका आठवड्याला एकच सवय. दिलेल्या तारखेला माल देणे, उधार देताना मुदत लिहून घेणे, कारागिरांशी आवाज न चढविता बोलणे, यांपैकी एक निवडा. चुकलेल्या दिवशी वहीत ठिपका टाका. ठिपके पडतीलच, कुऱ्हाड घासणे सोडू नका.

तिसरा पाठ, बैठक. एकाच मोहल्ल्यातील किंवा एकाच धंद्यातील दहा-बारा जणांनी पंधरा दिवसांतून एकदा तासभर बसावे. चहापेक्षा अधिक खर्च नको. प्रश्न ठरलेले असावेत : कोणता व्यापारी पैसे अडकवून ठेवीत आहे? कोणत्या मालाला उठाव आहे? कोणाचे काम बंद पडले आहे आणि त्याला कोण काम देऊ शकतो? कोणता शागीर्द स्वतःचे दुकान काढण्याइतका तयार झाला आहे? ज्याला हिशेब येतो त्याने इतरांना शिकवावा, ज्याला संगणक किंवा कराचे कागद समजतात त्याने ते समजावून सांगावेत.

चौथा पाठ, नुकसानीचा पंचनामा. धंद्यात खोट आली तर कागदाचे दोन भाग करा. एकीकडे आपल्या हातात होते ते लिहा, दुसरीकडे नव्हते ते.

आरंभी सांगितलेल्या यंत्रमागधारकांबरोबर आम्ही असा कागद घेऊन बसलो. सुताचा भाव आणि कापडाची मंदी उजवीकडे गेली. डावीकडे दोनच गोष्टी आल्या. सर्व कापड एकाच व्यापाऱ्याला दिले होते आणि पैशांची मुदत कधी लिहून घेतली नव्हती. ‘इच्छा’ हा शब्द कोणत्याच बाजूला आला नाही. ते बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. आज त्यांचे उरलेले दोन माग चालू आहेत, कापड तीन व्यापाऱ्यांकडे जाते आणि प्रत्येक चिठ्ठीवर तारीख असते. विकलेले दोन माग परत आलेले नाहीत. पण आपण आळशी किंवा कच्चे होतो, हा डाग त्यांच्या मनावरून गेला, आणि त्यांच्या उमेदीसाठी ते फार आवश्यक होते.

वाचकहो, पुस्तके वाचा. मुलांनाही द्या. मात्र वाचून झाल्यावर त्याच रात्री रोजकीर्द उघडा आणि सकाळी शेजारच्या दुकानदाराला विचारा, तुमचे कसे चालले आहे?